पडद्याआडचा स्पीकर

स्पीकरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की सगळ्यात आधी आवाज वाढतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो, की मॉलमधलं एसी लावलेलं दालन असो, यात फरक नाही. विक्रेता आधी स्वस्तातला सेट लावतो, बेताच्या आवाजात. मग महागाचा लावतो आणि लावता लावता नॉब जरासा पुढे सरकवतो. गिऱ्हाईक मान डोलावत म्हणतं, "हा जास्त खुला वाटतो." खुला वाटतो, कारण तो मोठ्याने वाजतोय. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 साली माणसाच्या कानाचे आलेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे गुपित राहिलेलं नाही. आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. आवाज वाढवला की खर्ज इतरांपेक्षा जास्त वेगाने भरत जातो. त्यामुळे तोच स्पीकर दोन-तीन डेसिबल वर नेला की जास्त भरीव आणि जास्त श्रीमंत वाटायला लागतो. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर ऐकणाऱ्याला तो 'मोठा' म्हणून जाणवतही नाही, नुसता 'चांगला' म्हणून जाणवतो.

दुसरी सोय गाण्याची. हाय-फायच्या दुकानांत ईगल्सच्या 'होटेल कॅलिफोर्निया'चं 1994 सालचं लाइव्ह रेकॉर्डिंग इतक्या वेळा वाजलं आहे की तिथल्या भिंतींनाही ते पाठ असावं. सुरुवातीचा तो घुमणारा ड्रम बहुतेक कुठल्याही बऱ्या स्पीकरवर छाप पाडतो. विक्रेत्याला नेमकं तेच हवं असतं. गिऱ्हाइकाला हवं असतं ते उलट, म्हणजे वाईट स्पीकर वाईट ऐकू येईल असं गाणं. पण खरेदीच्या उत्साहात एवढा दुष्टपणा कुणाला सुचत नाही.

मग खोक्यावरचे आकडे. '20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' असं छापलेलं असतं, पण त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबल वरखाली होतो हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. वॅटची कथा तर त्याहून मजेदार आहे. एके काळी आपल्याकडे प्रत्येक कॉम्प्युटर स्पीकरवर हजार-दोन हजार वॅट पीएमपीओ अशी चिकटपट्टी असायची. मागच्या बाजूला त्याच सेटचा अडॅप्टर बघावा: 12 व्होल्ट, 2 ॲम्पिअर. म्हणजे भिंतीतून आत येते 24 वॅट वीज आणि बाहेर पडतात म्हणे दोन हजार. खरे वॅट लिहिले तरी त्यांचा दबदबा वाजवीपेक्षा जास्तच असतो. 50 वॅटचे 100 केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट.

हे सगळं कळल्यावर शहाणी माणसं दोनपैकी एका निष्कर्षाला येतात. काही म्हणतात, जाऊ द्या, ज्याची त्याची आवड. कुणाला बेस आवडतो, कुणाला गोडवा. काही म्हणतात, यातलं कळायला कान तयार लागतो, आपण जाणकाराला विचारावं. ही दोन मतं एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोन्हींच्या पोटात एकच समजूत आहे, की सामान्य माणसाचा कान भरवशाचा नाही. माझं म्हणणं असं की कान चांगलाच भरवशाचा आहे. घोटाळा डोळे करतात. डोळ्यांना गप्प बसवलं तर स्पीकरच्या बाबतीत 'ज्याची त्याची आवड' हे प्रकरण आपल्याला वाटतं त्याच्या पाव हिश्शाएवढंही उरत नाही.

याला आधार आहे. फ्लॉइड टूल हे कॅनडाचे शास्त्रज्ञ. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट करून ते 1960च्या दशकात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये रुजू झाले. तिथे त्यांनी पडद्यामागे स्पीकर ठेवून, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणून लोकांना ऐकवायला सुरुवात केली. अपेक्षा अशी असणार की दहा माणसं दहा मतं देतील. तसं झालं नाही. चांगला कुठला आणि टाकाऊ कुठला यावर लोकांची मतं बऱ्यापैकी जुळली, आणि वर्षानुवर्षं जुळत राहिली. वेगळी पडली ती मुख्यतः ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती त्यांची मतं. तीसुद्धा वेगळ्या आवडीची नव्हती, नुसती अस्थिर होती. तोच स्पीकर पुन्हा वाजवला की त्यांचे गुण बदलायचे. यात आयुष्य मोठ्या आवाजात काढलेले रेकॉर्डिंग इंजिनिअरही होते, ही त्यातली बोचरी गोष्ट.

पुढे 1991 साली टूल हार्मन या अमेरिकन कंपनीत गेले. तिथे त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली एक प्रयोग मांडला. तो मला या विषयातला सगळ्यात शिकवणारा प्रयोग वाटतो. कंपनीतलेच 40 लोक आणि चार स्पीकर. काही मोठे, देखणे, महाग. आणि एक छोटासा, स्वस्त, प्लास्टिकच्या डब्यांचा संच. एकदा पडदा लावून ऐकवलं, एकदा समोर दिसू देऊन. पडद्याआड त्या छोट्या संचाने मोठ्यांच्या बरोबरीने गुण घेतले. पडदा उघडल्यावर तो आपटला आणि मोठे देखणे वर गेले. इथवर कुणालाही अंदाज बांधता येईल. खरी गंमत पुढे आहे. स्पीकरची जागा बदलली किंवा गाणं बदललं की खोलीतला आवाज खरोखरच बदलतो. पडद्याआड ऐकताना लोकांच्या गुणांत ते उतरत होतं. डोळे उघडे असताना मात्र त्यांना हे फरक जाणवेनासे झाले. समोर काय आहे ते एकदा दिसलं, मत ठरलं, आणि कानाने काम थांबवलं. म्हणजे डोळा निवाड्यात थोडी भर घालतो इतकंच नाही, तो कानाला बाजूला सारून स्वतःच खुर्चीत बसतो. आणि हे सगळे काही नवखे नव्हते, ऐकण्यात मुरलेलेही त्यांत होते.

कानाची स्मरणशक्ती फार तोकडी असते. या दुकानात ऐकलं, जेवून दुसऱ्या दुकानात गेलो आणि तुलना केली, या तुलनेला काही किंमत नाही. म्हणून हार्मनने कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिजला हवेच्या दाबावर चालणारं एक यंत्र बसवलं. पडद्यामागे एक स्पीकर हटवून दुसरा नेमका त्याच जागी तीनेक सेकंदांत आणणं, एवढंच त्याचं काम.

जाणकारांचं काय? ऑलिव्ह यांनी 2003 साली 268 ऐकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कंपनीचं शिकवून तयार केलेलं पॅनेल होतं, दुकानदार होते, हाय-फाय नियतकालिकांचे समीक्षक होते आणि कॉलेजची पोरंही होती. चार स्पीकरांचा क्रम सगळ्या गटांनी जवळपास सारखाच लावला. फरक पडला तो ठामपणात. शिकवलेले लोक कडक गुण द्यायचे आणि पुन्हा विचारलं तरी तेच द्यायचे. पोरांचे गुण सैल आणि डगमगते, पण दिशा तीच. समीक्षकांचे कान शिकवलेल्या पॅनेलच्या मानाने बरेच कमी पारखी निघाले. मासिकांत 'रेशमी', 'मखमली', 'तिसऱ्या रांगेत बसल्यासारखा' असल्या विशेषणांची जी पखरण असते, ती वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. चांगला-वाईट आवाज ओळखायला तयार कान लागत नाही. आपण काय ऐकलं हे नेमकं सांगायला, आणि उद्याही तेच सांगायला, तयारी लागते.

इथे कुणी विचारील, ही सगळी मतंच ना? मोजता येतं का काही? येतं. पडसाद नसलेल्या खोलीत स्पीकर ठेवायचा, त्याच्याभोवती आडवा आणि उभा अशा दोन वर्तुळांवर दर दहा अंशांना मोजणी करायची. अशी सत्तर मापं जमली की आलेख काढायचा. यातली मुद्द्याची गोष्ट अशी की समोरचा आवाज मोजून भागत नाही. साध्या दोन भागांच्या स्पीकरचंच उदाहरण घेऊ: खाली साडेसहा इंची वूफर, वर एक इंची ट्वीटर, आणि दोघांच्या कामाची वाटणी 2,500 हर्ट्झला. या स्वराची लहर पावणेचौदा सेंटिमीटरची, आणि वूफरचा हलणारा कागदही साधारण तेवढ्याच व्यासाचा. लहर आणि कागद सारखे झाले की आवाज बाजूंना पसरायचं सोडून समोर झोत मारायला लागतो. त्याच्या किंचित वर गेलं की ट्वीटर सूत्रं घेतो. तो चिमुकला असल्यामुळे पुन्हा सगळीकडे पसरतो. म्हणजे नेमकं समोर बसलात तर आलेख सरळ. बाजूला मात्र आधी खड्डा, मग उंचवटा. तुम्ही म्हणाल, मी समोरच बसणार. बसा, पण बाजूला गेलेला आवाज भिंतींवर आपटून काही हजारांश सेकंदांत तुमच्याकडेच येतो. खोलीत आपण ऐकतो त्यात हा उधारीचा वाटा मोठा असतो. चांगले बनवणारे ट्वीटरभोवती उथळ खोलगट भाग करून त्याचा पसारा वूफरशी जुळवून घेतात. समोरून मोजलं तर असा स्पीकर आणि साधा स्पीकर यांत फरक नाही. खोलीत ऐकलं तर एकावर तासभर गाणं ऐकवतं आणि दुसऱ्यावर अर्ध्या तासात कान शिणतात.

अशा मोजण्यांवरून ऑलिव्ह यांनी 2004 साली 70 स्पीकरांसाठी गणित बांधलं. लोक पडद्याआड किती गुण देतील याचा त्या गणिताने केलेला अंदाज प्रत्यक्ष गुणांशी 0.86 इतका जुळला. आवडनिवड म्हणतात ती जर खरंच अथांग असती तर हे शक्य नव्हतं. अर्थात हा आकडा एक नव्हे. आणि हे संशोधन करणारी कंपनी स्वतः स्पीकर विकते, हेही विसरू नये. पण टूल यांचं पायाभूत काम सरकारी प्रयोगशाळेत झालेलं आहे आणि मोजण्याची पद्धत सगळ्यांना खुली आहे. मोजून पाहायला आणि चूक दाखवायला कुणालाही मुभा आहे. विशेषणांना ती सोय नसते.

यापेक्षा अवघड आक्षेप वेगळाच आहे. चांगला स्पीकर म्हणजे मुळाबरहुकूम वाजणारा, असं आपण धरून चालतो. पण मूळ म्हणजे कुठलं?

एडिसनच्या कंपनीने 1915 पासून दहा वर्षं अमेरिकेत गावोगाव एक खेळ केला. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच दिवे घालवायचे, आणि गातंय कोण, बाई की यंत्र, हे प्रेक्षकांनी ओळखायचं. 1916 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा खेळ झाला. लोकांना फरक कळत नाही म्हणून वर्तमानपत्रांत कौतुक झालं. त्या काळच्या तबकड्यांत दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसायचं. मग फसले कसे लोक? त्या गायिकांपैकी ॲना केस हिने पुढे म्हातारपणी सांगितलं की ती आपला आवाज यंत्राच्या बेताने आवरून गायची. म्हणजे नक्कल यंत्र करत नव्हतं. हा प्रयोग अंधारात झाला म्हणून शास्त्रीय ठरत नाही. डोळे झाकणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

बीबीसीने हे काम जास्त प्रामाणिकपणे केलं. त्यांचे अभियंते शेजारच्या स्टुडिओत ओळखीच्या माणसाला बोलायला बसवत, स्पीकरमधून आलेला त्याचा आवाज ऐकत, मग उठून प्रत्यक्ष जाऊन ऐकत. माणसाचं बोलणं आपण जन्मल्यापासून ऐकतो, त्यामुळे त्यातला नकलीपणा पटकन कळतो. याच परंपरेतून 1970च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए हा चिमुकला स्पीकर निघाला. पुढे तो घरोघरी पूजनीय झाला आणि आजही जुन्या जोड्यांना भरपूर किंमत येते. पण इतक्या सचोटीने बनवलेल्या या स्पीकरमध्येही खालच्या भागात जरासा फुगवटा आहे. डबा लहान, खर्ज कमी. तो भरल्यासारखा वाटावा म्हणून. चांगल्या घरात वाढलेला मुलगाही कधीतरी थाप मारतोच.

आता आपल्या गाण्याकडे या. ख्याल गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माइक असतो. वीतभर अंतरावर कान नेऊन कुणी गाणं ऐकलेलं नाही. पूर्वीच्या बैठकीत माइकच नव्हता. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात हजारोंनी बसलेले लोक जे ऐकतात ते स्पीकरमधूनच. तेव्हा घरी ऐकताना 'प्रत्यक्ष मैफलीसारखं' वाटायला हवं असेल, तर कुठल्या मैफलीसारखं हे आधी ठरवावं लागेल. त्यातून रेकॉर्डिंगचा समतोल ज्याने साधला, त्याने तो स्वतःच्या स्टुडिओतल्या स्पीकरवर ऐकून साधलेला असतो. यामाहाचा एनएस-10 हा पांढऱ्या कागदाचा स्पीकर 1978 साली घरगुती म्हणून आला, घरात कुणी घेईना, आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. त्याचा वरचा आवाज इतका टोचायचा की इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. त्याच्यावर ऐकून ज्या रेकॉर्ड्स घडल्या, त्यांचं 'खरं' रूप कुठल्या स्पीकरवर ऐकायचं? टूल यांनी याला गोंधळाचं वर्तुळ असं नाव दिलं: स्पीकर पारखायचा रेकॉर्डिंगवरून, आणि रेकॉर्डिंग घडवायचं स्पीकरवरून.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून 'मग काहीही चालेल' असं निघत नाही. निघतं ते उलट. प्रत्येक रेकॉर्डिंगचा दोष वेगळा असेल, तर घरचा स्पीकर तरी बेदाग हवा. तो स्वतःचा रंग सगळ्यांना फासायला लागला तर हा दोष गाण्याचा की डब्याचा हे कधीच कळणार नाही. वाद्याला स्वतःचा आवाज असावा लागतो. स्पीकरला तो नसणं हाच त्याचा गुण.

आपल्याकडे या म्हणण्याला सगळ्यात जास्त विरोध 'गोडवा' या पक्षाकडून होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज किती गोड होता, आताच्या यंत्रांत ती ऊब नाही, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, काहींनी म्हटलेलंही आहे. मीडियम वेव्हवर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही यायचं नाही, म्हणून सकार-चकार टोचायचे नाहीत, तबकडीची खरखर दबायची. लाकडी पेटी पाठीमागून उघडी असायची. तिची फळी बोलण्याच्या खालच्या भागाबरोबर थरथरायची आणि निवेदकाच्या आवाजाला छाती यायची. ऊब म्हणतात ती ही. ती प्रत्येकाला तितकीच मिळायची, गायकाला, बातम्यांना आणि शेतकरी बांधवांच्या कार्यक्रमालाही. तिच्यावर प्रेम असायला हरकत नाही. पण ते प्रेम पेटीवरचं आहे, गाण्यावरचं नाही. शिवाय कान फार लवकर रुळतो. नवा स्पीकर 'पन्नास तास वाजला की खुलतो' असं दुकानदार सांगतात. त्या पन्नास तासांत स्पीकरपेक्षा ऐकणाराच जास्त बदलतो. म्हणून वीस वर्षं वापरतोय, झकास आहे, ही साक्ष स्पीकरबद्दल फारसं सांगत नाही.

पारखायला काय लावायचं, यातही आपली एक समजूत उलटी आहे. बहुतेक लोक एकट्या गळ्याचं गाणं लावतात. आवाजातला नकलीपणा त्याने कळतो हे खरं. पण तो गळा ज्या स्वरांवर जाईल तेवढ्याच जागा तपासल्या जातात. स्पीकरचा दोष नेमका दोन स्वरांच्या मधे असेल तर सुटतो. प्रयोगशाळेत सगळ्यात निष्ठुर ठरला तो पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्टीत सारखा पसरलेला खळखळाट. तो ऐकायला कुणी पैसे देणार नाही. मला वाटतं, आपल्याकडे याच्या जवळ जाणारी, आणि ऐकायला सुंदर, अशी एक गोष्ट घराघरात आहे: तंबोऱ्याची जोडी. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तंबोऱ्यावर लिहिलं. तार मधोमध छेडली तर नियमाप्रमाणे तिच्यातले सम स्वरांश उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात, कारण जवारीच्या पसरट घोडीवर तार घासत, टेकत राहते. एका खर्जाच्या तारेतून वर कित्येक स्वरांश झिरमिळत राहतात, आणि ते थांबत नाहीत. स्पीकर बदलला, किंवा नुसती मान हलवली, तरी त्या झिरमिळण्याचा रंग बदललेला चटकन कळतो. चांगल्या स्पीकरवर जवारी तारांतून येते, वाईटावर ती ट्वीटरमधून येते. हा फरक लिहून सांगता येत नाही, पण एकदा ऐकला की विसरत नाही.

तंबोरा आणखी एक गंमत दाखवतो. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झची. फोनच्या स्पीकरमधून 69 हर्ट्झ निघणं शक्य नाही. दोनशेच्या खाली तिथे शुकशुकाट असतो. तरीही फोनवर तंबोरा लावला की खर्ज 'ऐकू' येतो, वरच्या सप्तकात उडी मारत नाही. मेंदू स्वरांशांच्या अंतरावरून मूळ स्वर स्वतःच भरून घेतो. जुन्या टेलिफोनमधून 300 हर्ट्झच्या खालचं जात नसे आणि पुरुषाचा आवाज शंभर-सव्वाशेला सुरू होतो, तरी बापाचा आवाज बाईचा वाटत नसे, तो याचमुळे. छोट्या ब्लूटूथ स्पीकरचं 'केवढा बेस देतो बघा' हे कौतुक बऱ्याच अंशी या उधारीवर चालतं. स्वर कळतो, वजन कळत नाही. फरक ताडायचा तर एखादा मोठा स्पीकर शेजारी लावून डग्ग्यावरची घिस्स ऐकावी. छोट्यावर ती सरकते, मोठ्यावर ती पोटात लागते.

आणि खोली. पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला लाकडी सांगाड्याच्या, गालिचे अंथरलेल्या घरांसाठी असतो. त्या पातळ भिंती हलतात, थोडा खर्ज गिळतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती तो जवळजवळ पूर्ण परत फेकतात. दहा बाय दहाची खोली आणि दहा फूट उंच छत असेल तर मग तिन्ही बाजूंची घुमण्याची जागा एकच, सुमारे 56 हर्ट्झ. बास गिटारची मोकळी ए तार 55ची. ती वाजली की शोकेसमधल्या कपबश्या नाचतात आणि शेजारची तार वाजली की काहीच नाही. लोक म्हणतात, स्पीकरचा बेस बसका आहे. बसकी खोली असते. खाली तीनशे हर्ट्झपर्यंत साधारण खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढणं, समोर सतरंजी टाकणं, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट लावणं यांनी जे होतं ते महागड्या केबलने होत नाही. आणि ऐकताना पंखा बंद करावा. नागपुरात मे महिन्यात हे सांगणं क्रौर्य आहे, पण तंबोऱ्याचं शेपूट पंख्याखाली ऐकू येत नाही.

'पण मला बेस जास्त आवडतो' याचं काय? आवडू दे. ऑलिव्ह यांच्या गणितात खर्ज किती खोल जातो याला तीसेक टक्के वजन आहे, म्हणजे हौस खोटी नाही. नवख्या ऐकणाऱ्यांना तयार ऐकणाऱ्यांपेक्षा खर्ज थोडा जास्तच लागतो, असंही दिसलं आहे. आवड उरते ती इथे, खर्ज-तीव्राच्या प्रमाणात. आणि त्यासाठी टोन कंट्रोल नावाची जुनी, बदनाम झालेली सोय आहे. आवड नॉबमध्ये असावी, स्पीकरमध्ये नसावी. ताटात वरून मीठ घेता येतं. आमटीत आधीच जास्त पडलेलं काढता येत नाही. डब्याची फळी 400 हर्ट्झला गुणगुणत असेल तर कुठलाही नॉब तिला गप्प करत नाही. आलेख पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की अणकुचीदार, टोकेरी खाचखळगे दिसायला भयंकर पण कानाला बहुधा निरुपद्रवी असतात. दीड-दोन डेसिबलचा पसरट, सौम्य दिसणारा उंचवटा मात्र प्रत्येक गाण्यात ऐकू येतो. टूल आणि ऑलिव्ह यांनी हे 1988 सालीच दाखवलं होतं.

म्हणून दुकानात गेलात तर दोनाऐवजी एकच स्पीकर वाजवायला सांगा. दुकानदाराला चमत्कारिक वाटेल. दोन स्पीकर लावले की मधल्या पोकळीतला भास दोष झाकतो, आणि वाईट-चांगल्यातलं अंतर कमी वाटायला लागतं. एकट्यावर ते उघडं पडतं. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने तुलनेतले दोन्ही स्पीकर एका पातळीवर आणा. ॲप अचूक नसतं, पण तुलनेपुरतं चालतं. पिंक नॉइज लावून स्पीकरसमोरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चाला. मग खुर्चीवरून उठा, बसा. खळखळाटाचा रंग हळूहळू मंदावत गेला तर ठीक. मधेच 'श्श'चा 'स्स' झाला तर वूफर-ट्वीटरची वाटणी बिघडलेली आहे. आणि बरोबर कुणीतरी न्या, जो तुमच्या पाठीमागे स्पीकर बदलेल आणि कुठला लावला ते सांगणार नाही. घरातलं माणूस सगळ्यात उत्तम, कारण त्याला तुमच्या हौसेबद्दल फार आदर नसतो.

दुकानांनी स्वतःहून पडदा लावायलाही हरकत नाही. खर्च काही शे रुपयांचा. कापड तेवढं जाड नको, नाहीतर वरचे स्वर अडतात आणि सगळेच स्पीकर जुन्या रेडिओसारखे गोड वाजायला लागतात. स्पीकरच्या जाळीवर ताणतात ते विरळ विणीचं कापड मीटरवर मिळतं. मागून दिवा मात्र लावू नये, त्यातून आरपार दिसतं.